कॅथेटरवरील बायोफिल्म आणि वनस्पतिज द्रव्ये

मूत्राशयात ठेवलेल्या कॅथेटरवर जीवाणू प्रथम चिकटतात आणि मग स्वतःभोवती चिकट आवरण निर्माण करतात. हीच बायोफिल्म होय. तिच्या आश्रयातील जीवाणूंवर प्रतिजैविकांचा प्रभाव फारच कमी पडतो. कॅथेटर असेपर्यंत मूत्रात जीवाणू आढळण्याचा धोका प्रतिदिनी ३ ते ७ टक्के असतो. प्रोटिअस मिराबिलिस हा जीवाणू युरियाचे विघटन करून मूत्र अल्कधर्मी करतो. परिणामी क्षार साचतात आणि बालकांचा अरुंद कॅथेटर सहज तुंबतो.

म्हणूनच जीवाणूंना मारण्यापेक्षा त्यांना चिकटूच न देण्याचा विचार पुढे आला. क्रॅनबेरीतील प्रोअँथोसायनिडिन ई. कोलायच्या तंतूंना पेशींवर चिकटण्यापासून रोखते. लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड व हळदीतील कर्क्युमिन यांनीही प्रयोगशाळेत बायोफिल्मची वाढ रोखलेली आढळते. परंतु कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि प्रयोगशाळेतील यश म्हणजे रुग्णशय्येवरील यश नव्हे. २०२३ च्या कोक्रेन आढाव्यानुसार क्रॅनबेरीमुळे बालकांतील मूत्रसंसर्ग घटला. मात्र ज्यांचा मूत्राशय पूर्ण रिकामा होत नाही, त्यांना लाभ दिसला नाही. कॅथेटरची गरज बहुधा अशाच रुग्णांना असते.

पालक घरगुती काढ्यांविषयी आस्थेने विचारतात. असा कोणताही अर्क कॅथेटरमधून कदापि सोडू नये, हे त्यांना स्पष्टपणे सांगावे. निर्जंतुक पद्धतीने कॅथेटर घालणे, निचरा बंदिस्त राखणे, पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवणे आणि ‘आज कॅथेटर आवश्यकच आहे काय?’ हा प्रश्न दररोज विचारणे, हाच आजही खात्रीचा प्रतिबंध होय.