झाडाचं नाव विचारायला एक दिवस

मंडळाकडे येणाऱ्या लेखनात बागेचं वर्णन वर्षातून चार-पाचदा तरी असतं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्यात ‘हिरवीगार झाडे, रंगीबेरंगी फुले आणि किलबिलणारे पक्षी’ येतात. वाक्य चुकीचं नाही. पण ती बाग चंदानगरची की नागपूरची, हे त्यावरून कळत नाही. पुढच्या अंकासाठी स्थलवर्णन मागवलं आहे, म्हणून हा पाठ मी एका दिवसाच्या लोकल प्रवासावर बेतला आहे. वही, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि एमएमटीएसचं तिकीट, एवढंच सामान. लिंगमपल्लीहून सिकंदराबादमार्गे फलकनुम्याला जाणारी गाडी घ्यायची आणि मध्ये उतरत उतरत जायचं. गाड्या मुंबईसारख्या मिनिटामिनिटाला नसतात, वेळापत्रक आधी बघून ठेवा.

मोठं उद्यान मुद्दाम टाळलं आहे. तिथे कारंजं, पाटी, तिकीटखिडकी आणि फोटो काढणारे, यांतच लक्ष जातं. कॉलनीची बाग एका फेरीत संपते. दुसऱ्या फेरीत बघायला झाडांशिवाय काही उरत नाही, आणि आपलं काम तिथूनच सुरू होतं.

पहिला थांबा चंदानगर. सकाळी नऊच्या आत पोचा, कारण बऱ्याच कॉलनीबागा दुपारभर कुलूपबंद असतात. स्टेशनबाहेर कोणत्याही गल्लीत शिरून बाग कुठे आहे ते विचारा. आत माळी भेटला की म्हणायचं, ‘अण्णा, ई चेट्टु पेरेमिटि?’ मोबाईलचं ॲप आधी काढू नका. ॲप लॅटिन नाव देतं, आणि त्याच्याशी आपली काही ओळख नसते. माळी ‘वेप’ म्हणाला की कडुनिंब, ‘कानुग’ म्हणाला की करंज, ‘मर्री’ म्हणजे वड आणि ‘रावि’ म्हणजे पिंपळ. वहीत दोन रकाने करून दोन्ही नावं लिहा. मराठी नाव आठवलं नाही तर रकाना मोकळा ठेवा आणि घरी आजीला विचारा. आपल्या इथल्या मुलांच्या वह्यांत हाच रकाना रिकामा राहतो, हे मी बरीच वर्षं पाहतो आहे. तेलुगू नाव रस्त्यावर मिळतं, इंग्रजी शाळेत मिळतं. मराठी नाव घरातच मिळालं तर मिळतं, आणि घरात झाडांविषयी बोलणं कमी झालंय.

माळी दखनीत बोलणारा निघाला तर आणखी मजा. उर्दू पुस्तकात ‘दरख्त’ असतं, पण हैदराबादी माणूस ‘झाड’ म्हणतो. गोवळकोंड्याच्या परिसरातला तो प्रचंड गोरखचिंचेचा वृक्ष सगळ्यांना ‘हातियाँ का झाड’ म्हणूनच माहीत आहे. ‘नक्को’सारखाच हाही शब्द आपल्याला ओळखीचा.

ऑक्टोबरात गेलात तर सातवीण फुललेली असेल. वास आवडो न आवडो, चुकणार नाही. तेलुगूत तिला ‘एडाकुल पाल’ म्हणतात. ‘एडु’ म्हणजे सात, ‘आकु’ म्हणजे पान. संस्कृतात सप्तपर्ण, मराठीत सातवीण. तिन्ही भाषांनी त्याच डहाळीची पानं मोजली. खरं तर प्रत्येक डहाळीवर सातच पानं सापडत नाहीत. मोजा आणि आकडा लिहा.

पुढचा थांबा संजीवय्या पार्क. १९६० ते १९६२ या काळात आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री असलेल्या दामोदरम संजीवय्यांचं नाव बागेला आहे. ती लहान नाही, पण बागेच्याच नावाचं स्टेशन सोडून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. इथे एकच काम करा, जम्मी सापडते का बघा. जम्मी म्हणजे शमी, तेलंगणाचा राज्यवृक्ष. दसऱ्याला इथले लोक तिची पानं ‘बंगारम’ म्हणून एकमेकांच्या हातात देतात आणि मोठ्यांच्या पाया पडतात. आपल्या घरी सोनं म्हणून आपट्याचं पान देतात. आपट्याचं पान दोन पाकळ्यांत दुभंगलेलं, जम्मीची पानं बारीक, चिंचेसारखी. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, ‘दसऱ्याला शेजारच्या काकूंनी सोन्याची पाने दिली.’ मी विचारलं, कोणती? काकू तेलुगू होत्या, पानं जम्मीची होती. एवढं लिहिलं असतं तर दोन घरं, दोन भाषा आणि मधली भिंत एका ओळीत दिसली असती.

तिसरा थांबा सीताफळमंडी. नावातच फळ आहे. मला मात्र इथे एका गल्लीच्या टोकाच्या बागेत उंबर भेटला, खोडाला फळं लगडलेला. तेलुगूत त्याला ‘मेडि’ म्हणतात. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय येशूला पाहायला झाडावर चढतो, ती गोष्ट चॅपलमध्ये तुम्ही ऐकलीच आहे. यरीहोतलं ते झाड आपल्याकडे वाढत नाही, पण उंबराच्या कुळातलं आहे. मराठी बायबलात जक्कय उंबरावर चढतो, आणि तेलुगू बायबलात मेडीवर. दोन्ही भाषांच्या अनुवादकांनी वाचकाच्या ओळखीचं एकच झाड निवडलं. मूळ शब्द तसाच ठेवला असता तर ते झाड आपल्या डोळ्यांपुढे उभं राहिलं नसतं. नुसतं ‘एका झाडावर’ लिहिलं असतं, तर बुटक्या माणसाला चढता येईल अशा खालच्या फांद्या दिसल्या नसत्या. अनुवादाच्या तासाला हे उदाहरण मी पुन्हा काढणार आहे.

शेवटी काचीगुडा. मनमाडहून येणारी जुनी मीटरगेज गाडी इथे यायची. १९५६पर्यंत मराठवाडा आणि हे शहर एकाच राज्यात होते, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी घरांचे आजे-पणजे याच फलाटावर उतरले असतील. इथून रिक्षाने उस्मानिया रुग्णालयात जा. आवारात एक जुनी चिंच आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसं गेली. या चिंचेवर चढलेले सुमारे दीडशे लोक वाचले असं सांगतात. आवारात रुग्णांचे नातेवाईक बसलेले असतात. हळू बोला, फोटोसाठी कुणाला बाजूला करू नका.

‘एका मोठ्या झाडाने लोकांना वाचवले’ असं लिहिलं तर तो चमत्कार वाटतो. ‘चिंच’ लिहिलं की लहानपणी चिंचेवर चढलेल्या माणसाला कारण कळतं. तिची फांदी वाकते, सहसा मोडत नाही. तिथे शेवगा असता तर फांदी हातात आली असती. तेलुगूत चिंचेला ‘चिंत’ म्हणतात. कोवळ्या पाल्याचं, चिंतचिगुरूचं वरण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी होतं, पण तो पाला या झाडाचा हे किती जणांना ठाऊक आहे?

आता लिहिण्याविषयी. पाहिलेली सगळी झाडं लेखात कोंबू नका, नाहीतर यादी होईल. एक झाड निवडा. त्याचं मराठी नाव, इथलं नाव, ते कुणी सांगितलं, आणि त्याच्या सावलीत त्या वेळी कोण बसलं होतं, एवढ्यावर दोन पानं होतात. ‘वृक्ष’ हा शब्द जपून वापरा. कडुनिंबाला कडुनिंबच म्हणा.

वह्या पुढच्या बैठकीला आणा. एक काम मात्र राहतं. जवळजवळ प्रत्येक नव्या बागेच्या कुंपणाला कोनोकार्पस लावलेला दिसेल, दाट, हिरवा, भिंतीसारखा कापलेला. माळ्याला विचारलं तर तोही ‘कोनोकार्पस’च म्हणतो. त्याला मराठी नाव सुचलं तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणा.