ग्रामीण ग्रंथपाल आणि नवी साधने : रेवदंड्याच्या निमित्ताने

अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिका नदी जेथे समुद्राला मिळते तेथे रेवदंडा हे गाव वसले आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, पोर्तुगिजांनी बांधलेला कोट आणि खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला ही या गावाची ओळख होय. रेवदंड्याविषयी व त्याला लागून असलेल्या चौलविषयी परदेशी प्रवासी, व्यापारी आणि इतिहासकार शतकानुशतके लिहीत आले. मात्र हे लेखन रशियन, पोर्तुगीज किंवा इंग्रजी भाषेत झाले आणि दूरच्या शहरांतील मोठ्या ग्रंथालयांत राहिले. ज्या गावाचा हा इतिहास, त्या गावाला तो वाचावयास मिळत नव्हता.

आज परिस्थिती पालटली आहे. यांपैकी अनेक जुने ग्रंथ इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध झाले आहेत आणि ते वाचण्याचे साधन घरोघरी मोबाईलच्या रूपाने पोचले आहे. तरीही शाळेतील एखादा विद्यार्थी आपल्या गावाची माहिती शोधू लागला, तर त्याच्या हाती बहुधा समुद्रकिनाऱ्याची छायाचित्रे आणि पर्यटकांच्या निवासाच्या जाहिराती लागतात. ग्रंथ आहे, साधन आहे, वाचकही आहे. परंतु तिघांची गाठ पडत नाही. ही गाठ घालून देणे हेच ग्रंथपालाचे काम होय.

ग्रंथालय चळवळीचा वारसा

महाराष्ट्रात हे काम नवे नाही. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची परंपरा १८२८ पासूनची आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये गावोगावच्या ग्रंथालयांना शासनमान्यता व अनुदान मिळण्याची व्यवस्था झाली आणि त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी ठरली.

या वर्गवारीच्या खालच्या पायरीवरील ग्रंथालयांची अडचण सर्वांना ठाऊक आहे. खोली लहान, अनुदान बेताचे, ग्रंथपालाचे मानधन तुटपुंजे आणि नवीन पुस्तकांची खरेदी मोजकी. सकाळी वर्तमानपत्रे वाचण्यापुरतीच तेथे वर्दळ असते. वर्तमानपत्रही मोबाईलवर येऊ लागल्यावर ही वर्दळ ओसरण्याचा धोका आहे. अशा वेळी ग्रंथालयाने आपली उपयुक्तता नव्याने सिद्ध केली नाही, तर कुलूप लावण्याची पाळी येण्यास वेळ लागत नाही.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. योग्य ग्रंथ योग्य वाचकापर्यंत पोचावा आणि वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, हा तिचा गाभा होय. त्या काळी संगणक नव्हता. पण ही कसोटी आजच्या साधनांनाही तंतोतंत लागू पडते.

जुन्या नावांची किल्ली

रेवदंड्याचेच उदाहरण घेऊ. जुन्या इंग्रजी ग्रंथांत या गावाची माहिती बहुतेक वेळा ‘चौल’ या नावाखाली येते, कारण पोर्तुगिजांचे चौल म्हणजे आजचा रेवदंडा. शिवाय जिल्ह्याचे ‘रायगड’ हे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचे आहे. तत्पूर्वी तो कुलाबा जिल्हा होता. म्हणून शासकीय दप्तरातील जुनी माहिती ‘कुलाबा’ या नावाने शोधावी लागते. तेथेही मुंबईतील कुलाब्याशी गल्लत होते. ही किल्ली यंत्र आपणहून हाती देईलच असे नाही. स्थानिक इतिहास जाणणारा ग्रंथपाल ती देऊ शकतो.

ही किल्ली हाती आली की दालन उघडते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कुलाबा व जंजिरा यांवरील खंड १८८३ साली प्रसिद्ध झाला. पुढे महाराष्ट्र शासनाने कुलाबा जिल्ह्याचे सुधारित गॅझेटिअर १९६४ साली काढले. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत वैद्यकी करणारे डॉ. गर्सन द कुन्हा यांनी चौल व वसई येथील इतिहासावर व पुरातन अवशेषांवर १८७६ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलला उतरून जुन्नर व बीदरकडे गेलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन याच्या प्रवासवर्णनाचा इंग्रजी अनुवाद लंडनच्या हॅक्लूट सोसायटीने १८५७ साली छापला. या निकितिनचे स्मारक रेवदंड्यात उभे आहे. त्या स्मारकावरून रोज जाणाऱ्या मुलाला निकितिनने काय लिहिले ते वाचावयास मिळावे, ही अपेक्षा मोठी म्हणता येणार नाही.

शेजारचे विषयही असेच आहेत. कोर्लई येथे पोर्तुगीज व मराठी यांच्या संपर्कातून घडलेली बोली आजही बोलली जाते. तिच्यावर क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाचा ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. या किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाजाचा इतिहास हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहिला. तो १९३७ साली छापला गेला. यांपैकी अलीकडचे ग्रंथ विनामूल्य मिळणार नाहीत. परंतु ते अस्तित्वात आहेत हे वाचकाला कळणे हीसुद्धा एक सेवाच आहे.

कोणते साधन कशासाठी

नव्या साधनांची यादी मोठी आहे. पण ग्रंथपालाने सर्वच आत्मसात करण्याची गरज नाही. प्रथम साधनाचा उपयोग ठरवावा. जुन्या, दुर्मिळ ग्रंथांसाठी ‘इंटरनेट अर्काईव्ह’ हे संकेतस्थळ उपयोगी पडते. मराठीतील स्वामित्वहक्क संपलेल्या साहित्यासाठी मराठी विकिस्रोत आहे. शालेय व महाविद्यालयीन अभ्यासासाठी खरगपूरच्या आय. आय. टी. ने उभारलेले भारताचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. विश्वसनीय संदर्भासाठी मराठी विश्वकोश आहे. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि आज त्याचे सर्व खंड संगणकावर वाचता येतात.

ग्रंथालय केवळ विद्यार्थ्यांसाठी नसते. मासेमारी करणाऱ्या कोळी बांधवांसाठी हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था मासळी मिळण्याची शक्यता असलेली क्षेत्रे व सागरी स्थिती यांची माहिती देते. ग्रामपंचायत सदस्यांना २०२० साली सुरू झालेल्या ‘ई-ग्रामस्वराज’ या संकेतस्थळावर आपल्या गावाचा विकास आराखडा पाहता येतो. ही माहिती ग्रंथ नव्हे; तथापि ती कोठे मिळते हे सांगणे ग्रंथपालाच्याच कामात मोडते. आपल्या संग्रहाची सूची संगणकावर करावयाची असल्यास राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ किंवा न्यूझीलंडमध्ये तयार झालेली विनामूल्य ‘कोहा’ प्रणाली यांचा विचार करावा.

मासिक शिफारस-पत्रक

साधन कळले तरी वाचक आपोआप येत नाही. त्यासाठी दरमहा एका पानाचे शिफारस-पत्रक काढणे हा सोपा व जवळजवळ बिनखर्चाचा मार्ग आहे. एका विषयावर पाचच नोंदी असाव्यात. त्यांपैकी दोन-तीन ग्रंथालयाच्या कपाटातील असाव्यात, म्हणजे संगणकामुळे कपाट विस्मरणात जाणार नाही. प्रत्येक नोंदीत ग्रंथाचे नाव, लेखक, वर्ष, भाषा, तो मिळण्याचे ठिकाण आणि तो कोणासाठी उपयुक्त आहे याविषयी दोन वाक्ये असावीत. इंग्रजी ग्रंथाची शिफारस करताना नेमकी कोणती पाने वाचावीत तेही लिहावे. संपूर्ण गॅझेटिअर कोणी वाचणार नाही. चौलवरील पाने मात्र शिक्षकाच्या मदतीने आठवीचा वर्गही वाचू शकेल.

हे पत्रक ग्रंथालयाच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे, शाळेत परिपाठाच्या वेळी वाचून दाखवावे आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवावे. महिनाअखेर कोणती नोंद किती जणांनी वाचली याची साधी टिपणवही ठेवल्यास पुढील पत्रक अधिक नेमके होते. एखाद्या नोंदीला वाचक मिळाला नाही, तर दोष वाचकाला न देता शिफारस तपासून पाहावी.

काही पथ्ये

पहिले पथ्य स्वामित्वहक्काचे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा हक्क त्याच्या निधनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. हरि नारायण आपटे (निधन १९१९) किंवा साने गुरुजी (निधन १९५०) यांचे असे साहित्य मुक्त झाले आहे; हयात लेखकाच्या कादंबरीची चोरटी प्रत गटावर फिरविणे हा मात्र गुन्हा आहे. दुसरे पथ्य सत्यासत्यतेचे. परकीय अंमलदाराने किंवा प्रवाशाने लिहिलेला मजकूर त्याच्या दृष्टीने लिहिलेला असतो. म्हणून एका ग्रंथाशेजारी दुसरा ठेवावा. तिसरे पथ्य वाचकाच्या खाजगीपणाचे. कोणी कोणते पुस्तक नेले याची चर्चा फलकावर किंवा गटावर होता कामा नये.

पंचायत सदस्य व शिक्षक यांचे सहकार्य मिळाल्यास हे काम कोणत्याही गावी सुरू होऊ शकेल. ग्रामपंचायतीने एक संगणक व इंटरनेटची जोडणी द्यावी, शाळेने आठवड्यातील एक तास द्यावा आणि ग्रंथपालाने आपली जाण द्यावी. रंगनाथन यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन आहे. पहिल्या पत्रकासाठी यांपैकी कोणताही दिवस योग्य ठरेल. रेवदंड्याच्या कोटाची तटबंदी पाहावयास दूरदूरचे लोक येतात. त्या तटबंदीची हकीकत सांगणारे पान गावातील मुलांच्या हाती पडेल, त्या दिवशी गावच्या ग्रंथालयाने आपले काम केले असे म्हणता येईल.