एक स्वल्पविराम, आणि ९०,००० चं बिल ८७ रुपये ५० पैसे!

समजा, मानवतला तुमचं कापूस खरेदीचं छोटं काम आहे. हंगामात गाड्यांची रांग लागते. प्रत्येक गाडीला प्रोग्राम "वजन टाका, भाव टाका" विचारत बसला तर वेळ जातो. त्यापेक्षा एकाच ओळीत सगळं द्या:

बिल सेलू १२.५ ७२००

म्हणजे गाव, क्विंटल आणि भाव. (इथे अंक मराठीत छापलेत, टाइप करताना इंग्रजीच टाका. मराठी अंक सी ला कळत नाहीत.)

१. मोजणी. मेन फंक्शनला दोन गोष्टी मिळतात. आर्गसी म्हणजे किती शब्द आले, आर्गव्ही म्हणजे ते शब्द. प्रोग्रामचं नावही मोजलं जातं, म्हणून वरच्या ओळीत आर्गसी ४ येतो. शून्य क्रमांकावर "बिल", एकवर "सेलू", दोनवर वजन, तीनवर भाव. आर्गसी ४ नसेल तर वापरायची पद्धत छापा आणि थांबा. न दिलेला शब्द वाचायला गेलात तर प्रोग्राम कोसळू शकतो.

२. जोडनाव. मानवत रोड हे दोन शब्द मोजले जातात आणि पुढचं सगळं एक घर सरकतं. अशी नावं दुहेरी अवतरणात द्या.

३. अक्षरांचा आकडा. आर्गव्हीत येतं ते सगळं अक्षरांच्या रूपात. "७२००" सुद्धा! बरेच जण इथे एटूएफ वापरतात. पण कुणी ७,२०० असं टाकलं तर ते स्वल्पविरामापाशी थांबतं आणि भाव धरतं ७ रुपये. १२.५ क्विंटलचे ९०,००० व्हायला हवेत, होतात ८७.५०. आणि चूक झाली म्हणून एक शब्द सांगत नाही. शेतकऱ्यासमोर असं बिल निघालं तर विश्वास गेलाच म्हणून समजा.

४. उपाय. स्ट्रटूडी वापरा. वाचन कुठे थांबलं, तो पत्ताही ते कळवतं. पत्ता सुरुवातीचाच असेल तर आकडा मिळालाच नाही. तिथे शब्द संपलेला नसेल तर मागे कचरा उरलाय. दोन्ही वेळा बिल छापू नका. वजन आणि भाव शून्यापेक्षा जास्त आहेत का, हेही बघा. चूक निघाली तर मेनमधून १ परत करा, सगळं ठीक असेल तर ०.

गृहपाठ: व्हिडिओतला कोड चालवा आणि मुद्दाम चुका करा: भाव गाळा, स्वल्पविराम टाका, वजनाच्या जागी नाव लिहा. तिन्ही वेळा बिल अडलं, तरच तो प्रोग्राम गल्ल्यावर ठेवा.