वऱ्हाडातील जलाशय व गळाची मासेमारी

गळ टाकून मासा धरणे ही वऱ्हाडास नवी गोष्ट नव्हे. पूर्णा, काटेपूर्णा, पेढी, शहानूर या नद्यांच्या काठी वाढलेल्या मुलास ‘गरी’ हा शब्द अक्षरओळखीच्या आधीच ठाऊक असतो. नवे आहे ते या कामास छंदाचे व स्पर्धेचे शिस्तबद्ध रूप देणे. वस्तुतः हे रूपही आपल्याकडे जुनेच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण असून, त्यात माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य, काठी, दोरी व गळ यांचे वर्णन आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावरील अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडातील आयझॅक वॉल्टनचा गळाच्या मासेमारीवरील विख्यात ग्रंथ १६५३ सालचा, म्हणजे मानसोल्लासानंतर पाच शतकांनी आलेला आहे. तेव्हा हा केवळ साहेबी षौक आहे, ही समजूत सोडून द्यावी.

अमरावती व अकोला या जिल्ह्यांत या छंदास पाणी पुरेसे आहे. वर्धा व पूर्णा या दोन्ही नद्या सातपुड्यात बैतूल जिल्ह्यात उगम पावतात. परंतु वर्धेचे पाणी पूर्वेकडे गोदावरीच्या खोऱ्यात जाते, तर पूर्णेचे पश्चिमेकडे तापीस मिळते. मोर्शीजवळ सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरणाचा नल-दमयंती सागर, महान येथे काटेपूर्णेचा जलाशय, तेल्हारा तालुक्यात वाण नदीवरील हनुमान सागर व अंजनगावकडील शहानूर हे मोठे साठे होत. मात्र प्रत्येक पाणी गळ टाकण्यास मोकळे नाही. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात आणि काटेपूर्णेसारख्या अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू असल्यामुळे वनविभागाच्या परवानगीवाचून काठी घेऊन जाऊ नये.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. कारण हौशी माणसाचा व मच्छीमाराचा तंटा बहुधा याच ठिकाणी उद्भवतो. धरणाचे पाणी सरकारी आहे, म्हणून त्यातील मासा कोणीही न्यावा, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. बहुतेक जलाशयांतील मासेमारीचा हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेला असतो व या संस्थांचे सभासद मुख्यत्वे भोई व ढिवर समाजातील असतात. कटला, रोहू व मृगळ या जाती पावसाळ्यात वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी देतात. साचलेल्या पाण्यात त्यांची पैदास सहसा होत नाही. त्यामुळे दरवर्षी पैसा खर्चून बोटुकली विकत आणून सोडावी लागते. (अशी बीजनिर्मिती शक्य झाली ती हिरालाल चौधुरी यांनी १९५७ साली ओडिशातील अंगुल येथे माशांना पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन अंडी घालविण्याचा प्रयोग यशस्वी केल्यापासून, तत्पूर्वी बीज मुख्यतः नद्यांतून गोळा करावे लागे.) सबब हौसेखातर काठावर बसून नेलेला दोन किलोंचा रोहू हा कोणा तरी सभासदाच्या हिश्शाचा असतो. शेतकऱ्याच्या मळ्यातील संत्रे वाटसरूने तोडावे, तसाच हा प्रकार होय. प्रथम जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात तलाव कोणाकडे आहे याची चौकशी करावी व संस्थेची लेखी संमती घेऊन, ठरेल ते शुल्क भरून मगच गळ टाकावा.

ज्यांच्या शेतात शेततळे आहे त्यांना कोणाकडे जावयास नको. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेपासून ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी तळी बऱ्याच गावांत झाली. हेक्टरी ५,००० बोटुकली या प्रमाणाने अशा तळ्यात सुमारे ४५० पिले सोडता येतात. त्यांत कटला, रोहू व मृगळ यांचे प्रमाण ३:४:३ ठेवावे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो, म्हणून तिघांची एकमेकांस अडचण होत नाही. परंतु वैशाखात ज्या तळ्यात कमरेइतकेही पाणी राहत नाही, तेथे हा उद्योग करू नये. प्लास्टिकचे अस्तर असल्यास गळ तळापर्यंत जाऊ देऊ नये. एका छिद्राने पाणी जाते व मासेही.

साधनांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दहा-बारा फूट लांबीची लवचीक वेळूची काठी, नायलॉनची दोरी, लहान शिसे, ज्वारीच्या धांड्यातील भेंडाचा तरंगता तुकडा व दोन-तीन मापांच्या गऱ्या एवढ्यावर आरंभ होतो. दुकानातील चरकीची काठी पुढे घ्यावी. रोहू व मृगळ यांस कणकेच्या गोळीत भुईमुगाची ढेप मिसळून द्यावी. शिंगट्यास गांडूळ, तर मरळीस लहान मासा अथवा बेडकी लागते. मरळ हवेतून श्वास घेते, म्हणून ती गढूळ, गवताळ पाण्यातही तगते. तिच्या पिलांचा तांबूस थवा पाण्यावर दिसल्यास खाली त्यांची राखण करणारा मोठा मासा असतो. तो धरला, तर थवाही इतर माशांच्या तोंडी जातो. अशा जागी गळ टाकूच नये.

आता स्पर्धेविषयी. मुंबईस पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी गळवाल्यांची संस्था आहे. आंतरराष्ट्रीय स्तरावर या खेळाचा महासंघ १९५२ साली रोम येथे स्थापन झाला. तेथील स्पर्धांचे जे नियम आहेत, त्यांतील दोन आपण अवश्य उचलावेत. पहिला, बसण्याची जागा चिठ्ठ्या टाकून ठरविणे. दुसरा, काठाचे विभाग पाडून प्रत्येक विभागात स्वतंत्र क्रमांक लावणे. कारण धरणाचा एक काठ खोल तर दुसरा उथळ असतो, आणि एकूण वजनच पाहिले तर कौशल्यापेक्षा जागेलाच बक्षीस मिळते.

स्पर्धा संस्थेस बरोबर घेऊनच भरवावी. प्रवेश शुल्कातील ठरावीक भाग बोटुकलीच्या खरेदीस द्यावा आणि वजनाच्या काट्यावर संस्थेचा माणूस बसवावा. कोणता मासा किती वाढला, हे त्यासही त्या दिवशी फुकट कळते. वजन झाल्यावर मासा जिवंत परत सोडावा. याकरिता गरीचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकावा. मासा ओल्या हातांनीच धरावा, कारण कोरड्या हाताने किंवा धुळीत ठेवल्याने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो व तेथे रोग लागतो. तोवर त्यास बादलीत न कोंडता पाण्यात बुडालेल्या ऐसपैस जाळीच्या पिशवीत ठेवावे. चैत्र-वैशाखात स्पर्धा भरवू नये. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असल्याने दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. आषाढ-श्रावण हा अंडी देण्याचा काळ, तोही वर्ज्य. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ योग्य. मात्र पौषातील कडक थंडीत रोहू तोंड उघडण्यास नाखूश असतो.

परत सोडण्याच्या नियमास एक अपवाद करावा. १९५२ साली भारतात आणलेली तिलापी हौदांतून व तळ्यांतून पसरली असून, ती अंडी व पिले तोंडात सांभाळते, म्हणून झपाट्याने वाढते व बोटुकलीच्या वाट्याचे अन्न खाते. ज्या जलाशयात ती शिरली आहे, तेथे तिलापीसाठी वेगळे बक्षीस ठेवावे आणि ती पाण्यात न सोडता संस्थेच्या स्वाधीन करावी.

उन्हाळ्यात आटलेल्या नदीच्या डोहांत याच दिवसांत विष कालविणारे व सुरुंग उडविणारे लोक आढळतात. कायद्यानुसार हे दोन्ही गुन्हे आहेत. पूर्णेच्या पट्ट्यात ज्येष्ठापर्यंत जगलेला डोह हाच पुढील पुराच्या बीजाचा साठा असतो. गळवाल्यांचे मंडळ गावात असले तर अशा डोहावर आपोआप नजर राहते व पोलीस पाटलास वेळेवर खबर जाते.

जागा निवडताना वरून वीजवाहिनी जात नाही ना, हे पाहावे. नव्या कार्बनच्या काठ्यांतून वीज वाहते आणि धरणाच्या काठी शेतपंपांच्या तारा पुष्कळ ठिकाणी खाली लोंबलेल्या असतात. तसेच सांडव्याच्या खालच्या अंगास, दरवाजे सुटण्याचा भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर असलो तरीही, पाण्यात उतरून बसू नये.