उरलेले एक संत्रे

वरूडचा परिसर संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. एके वर्षी, बहर उतरण्याच्या दिवसांत, तेथील वर्गात मी एक उदाहरण घातले : "दहा लक्ष संत्री सात व्यापाऱ्यांत सारखी वाटली, तर प्रत्येकास किती मिळतील?" मुलांनी भागाकार केला. उत्तर आले १४२८५७ आणि बाकी १.

"आता या संख्येस दोनाने गुणा," मी म्हणालो. गुणाकार आला २८५७१४. तिनाने गुणल्यावर ४२८५७१. चार, पाच, सहा यांनी गुणले, तरी तेच सहा अंक त्याच क्रमाने येत. रिंगण धरून फिरणाऱ्या मुलांप्रमाणे केवळ पुढचा गडी बदले. साताने गुणताच मात्र ९९९९९९! "गुरुजी, ही तर मंतरलेली संख्या!" एकजण उद्गारला.

मागच्या बाकावर एक अबोल मुलगा बसे. त्याचे वडील बागेत फळे तोडण्याच्या मजुरीस जात. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, ते उरलेलं एक संत्रं कोणाचं?" सारा वर्ग हसला. तो ओशाळून खाली बसला. परंतु सारे मर्म त्या एका संत्र्यातच होते!

मी त्यास फळ्याशी बोलावून भागाकार पुन्हा मांडावयास सांगितले. प्रत्येक पायरीची बाकी तो मोठ्याने वाचू लागला : तीन, दोन, सहा, चार, पाच, एक. तेथे तो थबकला. "गुरुजी, एकावर शून्य घेतलं, की पुन्हा दहाच! म्हणजे पुन्हा तेच अंक येणार!" आता वर्गात कोणी हसले नाही. आमच्या संख्येची दुप्पट करणे म्हणजे वीस लक्षांस साताने भागणे. तेथे आरंभी दहाऐवजी वीस येतात; पण वीस तर या वाटेवर आधीच येऊन गेले आहेत. वर्तुळ तेच, केवळ प्रवेशाचे ठिकाण निराळे.

नाशिकजवळील देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी अशा संख्यांच्या छंदात सारे आयुष्य वेचले. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ होय. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली, की मूळ संख्याच परत मिळते. अशा संख्यांस आज 'कापरेकर संख्या' म्हणतात. देशात अनेकांनी त्यांच्या कामाकडे दुर्लक्ष केले. पण १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकी लेखकाने त्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले.

मुलांनो, नवल वाटणे चांगलेच. पण त्याचे कारण शोधणे अधिक चांगले. भागाकारातील बाकी पुसण्यापूर्वी तिच्याकडे एकदा नीट पाहा.

स्वाध्याय : ४५ आणि ९९ या कापरेकर संख्या आहेत, हे पडताळून पाहा.