आबांची रायफल : आधी कागद, मग किंमत

शहादा,
कार्तिक वद्य पंचमी

चि. बापूस,


तुझा निरोप पोचला, फोटोही पाहिले. तुझ्या आजोबांचे, आबांचे, उत्तरकार्य होऊन महिना झाला नाही तोच तळोद्याच्या घरात रायफलीची किंमत लाखांत मोजायला सुरुवात झाली, याचे मला नवल वाटले नाही. त्या घरच्या वाटणीत या मामाचे काही नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. नोकरीची बरीच वर्षे शस्त्र परवान्यांच्या टेबलावर गेली. तिथे एवढे पक्के कळले की आपल्या देशात बंदुकीचे मोल तिच्या कागदापासून सुरू होते. कागद नसेल तर लंडनच्या कारागिराची रायफलही कवडीमोल, आणि वर तुरुंगाची धास्ती.

आबांच्या नावचा परवाना आबांबरोबर संपला. तेव्हापासून ती घरात ठेवणे बेकायदा आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याचे कलम २१ सांगते की असे हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे. ‘माळ्यावर राहू दे, कोण बघतो’ असे घरात कुणी म्हणेल, तर त्याला सांग की २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षे आहे. ‘ती चालतच नाही’ हेही उत्तर नाही. दुरुस्तीनेसुद्धा चालणार नाही अशीच जुनाट वस्तू कायद्यातून सुटते. तेव्हा आधी ठाण्यात फोन कर, ते सांगतील तशी ती तिथे पोचव. बोल्ट मागेपुढे करून पाहू नकोस. आत काडतूस आहे की नाही, हे जाणत्या माणसालाच पाहू दे. जुनी काडतुसेही मोजून जमा कर, तापीत टाकू नकोस. आणि ते फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवरून आजच काढून टाक.

जमा केल्याने मालकी जात नाही. वारसाने स्वतःचा परवाना काढला तर ती परत मिळते, किंवा जमा असतानाच परवानाधारकाला विकता येते. पावतीवर कारखान्याचे नाव, बोअर (म्हणजे नळीचे माप) आणि क्रमांक लिहून घे, आणि किती दिवसांत निर्णय घ्यायचा तेही विचार, कारण मुदत उलटली तर ती सरकारजमा होऊ शकते.

आता कागदांचा माग. ती आबांच्या वडिलांच्या हाती आली असे तुमच्याकडे सांगतात. ते खरे असेल तर पहिला परवाना १८७८च्या जुन्या कायद्याखालचा असेल. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा आपला मुलूख पश्चिम खानदेशात गेला. त्याची कचेरी धुळ्याला होती आणि पुढे जिल्ह्याचे नावही धुळे झाले. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८चा. म्हणजे अलीकडची नूतनीकरणे नंदुरबारला आणि जुनी नोंद धुळ्याला. आबांच्या ट्रंकेत परवान्याची पुस्तिका, खरेदीची पावती, काडतुसांच्या नोंदी शोध. अलीकडच्या परवान्यावर यूआयएन, म्हणजे विशिष्ट ओळख क्रमांक, आहे ना, ते पाहा. कागदावरचा आणि नळीवरचा क्रमांक जुळला नाही तर गप्प बसू नकोस, ठाण्यातच लेखी कळव.

यानंतर बोअर. आपल्याकडे बोल्टच्या कुठल्याही रायफलीला लोक सरसकट ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात. हा शब्द अर्जात लिहिण्याआधी दहादा विचार कर. .३०३ हे फौजेचे काडतूस, म्हणून ते बोअर प्रतिबंधित आहे. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, दिल्लीचे गृह मंत्रालय देते, आणि प्रतिबंधित हत्यार विनापरवाना सापडले तर शिक्षा सात वर्षांपासून पुढे. पण इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली .३१५ स्पोर्टिंग रायफल त्याच ली-एनफिल्डच्या घडणीची आहे. लांबून दोन्ही बहिणी-बहिणी दिसतात, तरी .३१५ अप्रतिबंधित आहे. इंग्रज सरकारला फौजेचे काडतूस लोकांच्या हाती नको होते, म्हणून नागरिकांसाठी ही वेगळी बोअर रुजली. नळीवर .३१५ किंवा ८ एमएम असे कोरलेले असेल तर तुझे निम्मे काम सोपे झाले.

नुसत्या आकड्यावरही विसंबू नकोस. .३७५ या एका आकड्याची तीन-चार वेगवेगळी काडतुसे निघाली आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. उलट रिग्बीची .२७५ आणि जर्मन माउझरची ७ × ५७ ही एकाच काडतुसाची दोन नावे. म्हणून पूर्ण कोरीव मजकूर उतरवून घे.

मग घडण आणि नाव. तुझ्या फोटोत बोल्टच्या अंगाला लागून लांब पोलादी पट्टी दिसते. तो काडतूस ओढणारा पंजा असेल तर घडण १८९८च्या माउझर जातीची असण्याचा संभव आहे. मागे पंखासारखा फिरणारा सुरक्षा-खटका आहे का, तेही पोलिसांच्या किंवा विक्रेत्याच्या आर्मररला (शस्त्र-कारागिराला) पाहायला सांग. नळीवर रॉडा किंवा मँटन असे कलकत्त्याचे नाव असेल तर हुरळू नकोस. या पेढ्या इतरांनी घडवलेली हत्यारेही आपल्या नावाने विकत. खरी जन्मखूण नळीच्या मजबुतीची कसोटी घेऊन मारलेल्या शिक्क्यांत असते. मुकुटाखाली बी-पी आणि बी-व्ही असेल तर बर्मिंगहॅम, आणि तेही १९०४ नंतरचे. मुकुटाखाली एन असेल तर जर्मनी. अंडाकृतीत ई-एल-जी असेल तर बेल्जियमचे लिएज. बोल्ट आणि नळी यांच्यावरचे क्रमांक एकच निघाले तर किंमत वाढते.

सारंगखेड्याच्या यात्रेत जाणता गिऱ्हाईक घोड्याचे दात, खूर आणि चाल पाहिल्यावरच वंशावळ ऐकतो. तुझ्या गिऱ्हाइकाने तसेच करावे अशी तयारी ठेव. नळीच्या आतल्या रेषा, गंजाचे खड्डे, दस्त्याला बोल्टमागे गेलेली चीर, हे सगळे आर्मररकडून लिहून घे. तोवर सँडपेपर, पॉलिश, नवे वार्निश काही करू नकोस. जुनी झळाळी घालवली की किंमत जाते. क्रमांक पुसणे आणि परवान्यावाचून नळी कापणे हे तर स्वतंत्र गुन्हे आहेत.

तोरणमाळच्या शिकारीनंतर गोऱ्या साहेबाने ती बक्षीस दिली, ही गोष्ट मीही आबांकडून ऐकली आहे. पुराव्याशिवाय तिला बाजारात दमडी मिळणार नाही. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटला मिळालेली .२७५ रिग्बी आज त्याच कंपनीकडे आहे. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी आहे आणि त्या पट्टीवर देणाऱ्याचे नाव. तुमच्याकडे पट्टी, पत्र वा छायाचित्र असेल तर जप. नामांकित इंग्रज कारखाने जुनी खातेवही पाहून क्रमांकावरून मूळ गिऱ्हाईक सांगतात, त्यांना पत्र लिहायला हरकत नाही.

किमतीचा आकडा मी सांगणार नाही, हिशेब सांगतो. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात बंद झाली, त्यामुळे चांगल्या परदेशी रायफलीला इथे मागणी आहे. पण घेणारा परवानाधारकच हवा, त्याला त्या बोअरची नोंद मिळायला हवी आणि काडतूसही मिळायला हवे. .३१५ आणि .३०-०६ची काडतुसे देशात बनतात. .३१८ वेस्टली रिचर्ड्ससारख्या बोअरला काडतूस शोधताना घाम फुटतो, मग घडण कितीही सुंदर असो. परदेशी लिलावातले भाव विसर, कारण शंभर वर्षांपुढची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याने खासगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही. दोन वेगवेगळ्या शस्त्रविक्रेत्यांकडून लेखी अंदाज घे.

माझा सल्ला विचारशील तर विकावी. शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्याने संपली. तू पुण्यात फ्लॅटमध्ये राहतोस, शेत दुसरा कसतो, नेमबाजीची तुला आवड नाही. ठेवायचीच असेल तर प्रशिक्षण, परवाना, नूतनीकरण, कुलुपाची पेटी आणि निवडणुकीत जमा करण्याचे हेलपाटे हौसेने करायची तयारी ठेव.

आणि एक. भाऊजी, म्हणजे तुझे वडील, आबांच्या आधीच गेले, म्हणून सगळे तुलाच वारस धरून चालले आहेत. कायद्याने तुझ्या दोन्ही आत्यांचा हक्क आहे, आणि वारसाच्या अर्जाला त्यांची ना-हरकत लागते. कागद घेऊन सहीला जाण्याआधी मोकळ्या हाताने त्यांच्या घरी जा. विकायची की ठेवायची ते त्यांच्याशी बोलून ठरव, विकली तर त्यांचा वाटा किती हे त्यांच्यासमोर सांग, आणि मगच अर्ज लिही. मसुदा मी तपासून देईन. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा