व्हीपीएन आणि घरातला प्रिंटर

चि. सोनूस,


"मामा, व्हीपीएन लावलं की प्रिंटर दिसतच नाही, म्हणून हल्ली लावतच नाही," असं तू म्हणालीस. फोनवर नीट सांगणं जमलं नाही, म्हणून लिहितोय.

प्रिंटर जागेवरच असतो. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला आतला पत्ता देतो, बहुधा 192.168 ने सुरू होणारा. हे आकडे खासगी नेटवर्कांसाठी राखीव. तुझ्या गोरेगावच्या फ्लॅटमध्ये जे, तेच शेजारच्या बिल्डिंगमध्येही. व्हीपीएन मात्र लॅपटॉपचा सगळा डेटा लांबच्या सर्व्हरकडे धाडतं. तोही बहुधा परदेशातला, कारण 2022 मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितल्यावर नॉर्डव्हीपीएन, एक्सप्रेसव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढलेच. प्रिंटरसाठीचा डेटाही तिकडेच धाडणं म्हणजे शेजारच्या खोलीतल्या माणसाची चिठ्ठी परदेशी टपालात टाकल्यासारखं झालं!

अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये लोकल नेटवर्कला, म्हणजे लॅनला, परवानगी देण्याचा पर्याय शोध आणि चालू कर. तरीही प्रिंटर यादीत आला नाही, तर त्याच्या छोट्या पडद्यावर नेटवर्कच्या माहितीत त्याचा आयपी पत्ता असतो, तो टाकून जोड. राउटरमध्ये तो पत्ता त्याच्याच नावे राखून ठेव. नाहीतर लाइट जाऊन आली की बदलायचा, आणि तू परत व्हीपीएनला शिव्या घालणार.

पण ही मोकळीक घरापुरतीच. मॉलमध्ये, कॅफेत, नेस्कोच्या प्रदर्शनात ती आठवणीने बंद कर. 2023 मध्ये संशोधकांनी 'टनेलक्रॅक' नावाने दाखवून दिलं, की वाय-फाय चालवणारा लबाड असेल तर तो बाहेरच्या वेबसाइटचा पत्ता 'आतला' म्हणून भासवू शकतो. मग लॅन मोकळं असलेला लॅपटॉप तो डेटा व्हीपीएनबाहेरून सोडून देतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

आणि घर तरी कितीसं आपलं? तुम्ही तिघी एका राउटरवर, त्यात मैत्रिणींचे पाहुणे. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्कचा पासवर्ड द्या, मुख्य नको.

हे सगळं तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपचं. ऑफिसच्या व्हीपीएनमध्ये लॅन बंद असेल तर ते मुद्दाम केलेलं असतं. घरातलं एखादं व्हायरस शिरलेलं यंत्र कंपनीच्या नेटवर्कला भिडू नये म्हणून. तिथे खटपट करू नकोस, आयटीवाल्यांना विचार. नाही म्हणाले तर ऑफिसचे कागद ऑफिसातच छाप.

तुझा,
मामा